बारावी ओळ

ते पत्र आलं तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो. आता चौऱ्याहत्तर पूर्ण होतील. मधल्या काळात आम्ही दोनदा घर बदललं, पुस्तकं तीनदा वाळवीच्या तावडीतून सोडवली, आणि दर वेळी ते पत्र छापखान्याच्या जाड खाकी पाकिटातून माझ्याबरोबर आलं. पाकीट हिब्रू शब्दकोशाच्या मागे असतं. त्या शब्दकोशाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, तेव्हा लपवण्याची तशी गरज नव्हती. तरी मी लपवलं होतं.

पत्र धाकट्या बहिणीचं. घरात तिला सगळे घंटी म्हणत, आवाजावरून. मजकूर चार ओळींचा. 'भाऊ, आपल्या बैठकीच्या नियमाने एकच प्रश्न विचारते. भिंतीच्या यादीतली ती ओळ बाबांनी गाळली की तू? उत्तराची घाई नाही. रविवारपर्यंत दिलंस तरी चालेल.'

कोणता रविवार ते तिने लिहिलं नव्हतं. मी पहिला जाऊ दिला, मग दुसरा.

बैठक ही बाबांची पद्धत. बाबा प्रार्थनाघरात प्रवचन करत. प्रवचनाच्या दहा दिवस आधी, गुरुवारी दुपारी चार वाजता, सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती बसे. उतारा मोठ्याने वाचायचा, एकेकाने एकेक वचन, सगळ्यांत लहान माणसापासून सुरुवात. वाचून झालं की प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, एकच. प्रवचन करणाऱ्याने प्रश्न वहीत टिपायचे आणि तोंड बंद ठेवायचं. उत्तर द्यायचं ते रविवारी, व्यासपीठावरून. लगेच दिलेलं उत्तर आपलं नसतं, आपल्या घाबरण्याचं असतं, असं बाबा म्हणत.

या वेळी प्रवचनासाठी पाळकांनी मला गाठलं. वादळात प्रार्थनाघराची मागची भिंत पडली होती, ती माझ्या पुतण्याने, म्हणजे आमच्या मिस्त्रीने, पुन्हा उभी केली.

"भिंत तुमच्या पुतण्याची, तक्ता तुमच्या हातचा," पाळक म्हणाले. "मग बोलणार दुसरं कोण?"

"माझा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही."

"माइक आहे."

"मला घाम फुटतो."

"पंखाही आहे," ते म्हणाले, आणि तारीख लिहून मोकळे झाले.

तक्ता म्हणजे शास्त्रातला एक अध्याय, मोठ्या कागदावर लिहून काचेत बसवलेला. राजाच्या दरबारातला एक चाकर रजा काढून आपल्या उद्ध्वस्त शहरात येतो आणि शहराची पडलेली भिंत लोकांकडून बांधून घेतो. कोणी कुठला तुकडा बांधला त्याची ती नुसती यादी. पुरोहित, सोनार, व्यापारी, सुगंधी तेलं करणारा. यादीवर प्रवचन सहसा कोणी करत नाही. बाबांनी केलं होतं. मूळ हिब्रूवरून त्यांनी स्वतः भाषांतर केलं. जिथे इतर लोक 'त्याच्या शेजारी' लिहितात तिथे मुळात 'त्याच्या हाताशी' आहे, आणि 'दुरुस्त केलं'च्या जागी 'बळकट केलं'. बाबांनी ते तसंच ठेवलं. त्यामुळे पुष्कळशा ओळी सारख्याच सुरू होतात आणि सारख्याच संपतात. माझं अक्षर बरं म्हणून तक्ता उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

मी अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यातच शिकवतात की सारख्या संपणाऱ्या ओळी धोक्याच्या. डोळा एका 'बळकट केलं'वरून उठतो आणि पुढच्या 'बळकट केलं'वर जाऊन बसतो. मधली ओळ गेली हे वाचणाऱ्याला खटकतही नाही. म्हणून एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ताडून पाहायचं. घरी मला वाचून दाखवायची ती घंटी.

त्या दिवशी तिने वाचलं नाही. रविवारी व्यासपीठावरून उतारा तिने वाचावा असं ठरलं होतं. व्यासपीठावर बाई नको म्हणून प्रार्थनाघराच्या पंचांनी नाकं मुरडली, आणि बाबांनी तिला सांगितलं, "या वेळी राहू दे." ती माझ्या खोलीच्या दारात आली. "मग तुझंही तूच वाच," म्हणाली आणि गेली. मी एकट्याने उतरवलं आणि बारावी ओळ गेली. शहराच्या अर्ध्या भागाचा एक अधिकारी होता. त्याने आणि त्याच्या मुलींनी आपला तुकडा बळकट केला, अशी ती ओळ. भिंत बांधणाऱ्यांच्या साऱ्या यादीत मुलींचा उल्लेख तेवढाच.

घंटीने काचेतला तक्ता पाहिला, ती ओळ शोधली, आणि काय समजायचं ते समजली. पंचांना खूश करायला बाबांनी मुली पुसून टाकल्या. आठवड्याने ती परगावी नोकरीला गेली आणि तिकडचीच झाली. पत्र आलं तेव्हा मी बाबांचा मसुदा काढून पाहिला. ओळ होती. समासात बाबांची बारीक पेन्सिल: 'किती मुली? नावं का नाहीत?'

मी तेवढंच लिहून पाठवायला हवं होतं. पण मुद्रितं तपासणाऱ्याने ओळ गाळली हे लिहायची लाज वाटली. मग उशीर झाल्याची लाज वाटली. मग बाबाच गेले. त्यांना पोचवायला ती आली, फाटकापाशी उभी राहिली आणि मिळेल त्या गाडीने परत गेली. माझ्या चुकीचा आळ तिच्या मनात बाबांवरच राहिला, आणि तो मी राहू दिला.

*

मिस्त्रीच्या मनात त्या गुरुवारी काय चाललं होतं ते त्याने मला मागाहून सांगितलं, म्हणून लिहू शकतो.

सकाळी तो प्रार्थनाघरात रंगाऱ्यावर ओरडत होता. रंगाऱ्याने तक्त्याच्या काचेवर चुन्याचे शिंतोडे उडवले होते. मिस्त्रीने तक्ता उतरवला, मागचा पुठ्ठा चाचपला, ओल लागलेली नाही याची खात्री केली आणि आपल्या गाडीत मागच्या सीटवर पोत्यांत गुंडाळून ठेवला. मग तो बस थांब्यावर गेला, कारण तिथे त्याची आतेबहीण उतरणार होती. घंटीची मुलगी.

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त परगावी गेला असता तो चष्मा करायला एका दुकानात शिरला, आणि डोळे तपासणाऱ्या बाईने त्याच्या हनुवटीला हात लावून विचारलं होतं, "तुमचं नाक आमच्या आईसारखं कसं?" तेव्हापासून दोघं फोनवर बोलत. मिस्त्री मोठा आडदांड माणूस, पण आईपुढे हे बोलायची त्याची छाती झाली नव्हती.

"तुझ्या आईला काय सांगितलंस?" गाडीत त्याने विचारलं.

"मामेभावाची भिंत बघायला जाते म्हटलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ओळंब्यात आहे का बघ."

मिस्त्री हसला, पण आमच्या दारात पोचल्यावर तक्ता ढालीसारखा पुढे धरून उभा राहिला. दार वहिनीने उघडलं. वहिनी म्हणजे त्याची आई, माझ्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. वय शहात्तर, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"हे काय आणलंस?"

"आजोबांचा तक्ता. काच साफ करायचीय."

"आणि ही कोण?"

"आत्याची मुलगी, आई. ओळखलं नाहीस?"

"ओळखलं," वहिनी म्हणाली. "म्हणूनच विचारलं."

पण दारातून बाजूला झाली. मिस्त्रीने सांगितलं, तेवढ्याने त्याला वाटलं की निम्मी भिंत चढली.

*

चार वाजता आम्ही टेबलाशी बसलो. काच काढून खिडकीत उभी केली होती आणि तक्ता उघडाच टेबलावर होता. मी चार दशकांत तो इतक्या जवळून पाहिला नव्हता. माझ्या तरुण अक्षराकडे पाहायला मला नको वाटत होतं. फार आत्मविश्वासाचं अक्षर होतं ते.

भाची माझ्या समोर बसली. पस्तिशीची असेल. तिने आल्यापासून मला दोनच गोष्टी विचारल्या होत्या, तब्येत कशी आहे आणि प्रवचन तुम्हीच करणार का. आवाज घंटीचाच, फक्त जरा खालच्या पट्टीतला. ती कशासाठी आली आहे हे मला कळलं होतं. मी पेन्सिलीला टोक करत राहिलो. टोक आधीच होतं.

"मी मामंजींच्या तक्त्यावरून वाचते," वहिनी म्हणाली. "अक्षर मोठं आहे. तुमच्या त्या पुस्तकातल्या मुंग्या मला दिसत नाहीत."

"मामी, हा चष्मा दूरचा आहे तुमचा," भाची म्हणाली.

"दूरचाच बरा. जवळचं बघून कोणाचं भलं झालंय?"

सगळ्यांत लहान म्हणून भाचीने पहिलं वचन वाचलं. दुसरं मिस्त्रीने, तिसरं मी, चौथं वहिनीने. पुन्हा भाची. एका गावच्या थोर मंडळींनी कामाला मान लववली नाही असं तिने वाचलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "पंच! तेव्हाही होते." वहिनीने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. आठवं वहिनीकडे आलं, सोनार आणि सुगंधी तेलं करणाऱ्याचं.

"अत्तरवाला विटा वाहतोय?" ती थबकली. "बायकोने घरात घेतलं नसेल संध्याकाळी."

दहाव्यात एका माणसाने आपल्याच घरासमोरचा तुकडा बांधला. "शहाणा माणूस," मिस्त्री म्हणाला. अकरावं माझं. "दुसरं माप, भट्ट्यांच्या बुरुजासकट, दोघांनी मिळून बळकट केलं." पुढे काय येणार ते टेबलाशी दोघांना ठाऊक होतं, आणि वाचणार होती तिसरीच.

वहिनीने तक्त्यावर बोट ठेवलं आणि ठणठणीत वाचलं. दरीकडची वेस अमक्यांनी बांधली, दारं बसवली, कड्या घातल्या, आणि उकिरड्याच्या वेशीपर्यंत हजार हात भिंत उभी केली.

मिस्त्रीने भाचीकडे पाहिलं. "तुझी पाळी."

"मामी, एक ओळ राहिली," भाची म्हणाली.

"राहील कशी? बोट ठेवून वाचतेय मी."

"बोट बरोबर आहे. कागदावरच नाहीये."

वहिनीने बोट उचललं नाही. "हा तुझ्या आईचा जुना हट्ट. आमच्या यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, असली ओळ शास्त्रात नाहीच म्हणून."

"मग वाचून बघा ना." भाचीने छापील पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. मग पर्समधून एक साधा तयार चष्मा काढून त्यावर ठेवला. "हा जवळचा. दुकानातला आहे, पैसे नकोत."

वहिनीने आधी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहत होतो. मग तिने आपला चष्मा काढला, तो घातला, आणि बारावं वचन शोधून काढलं. ओठ आधी नुसते हलले. मग तिने मोठ्याने वाचलं, तोच ठणठणीतपणा, फक्त शेवटाला जरा कमी झालेला. "...याने आणि त्याच्या मुलींनी."

"पुढे चला," मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. बैठक अर्धी सोडायची नसते एवढंच मला सुचलं. आम्ही उरलेली एकोणीस वचनं वाचली. मेंढ्यांच्या वेशीपासून निघून आम्ही सबंध शहराला वळसा घालून मेंढ्यांच्या वेशीपाशी परत आलो, आणि पुस्तकं मिटली.

"आधी मी विचारतो," मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "ही भिंत म्हणे बावन्न दिवसांत झाली. मजूर किती, आणि माल कोण पुरवत होतं?"

"तू लहान नाहीस," वहिनी म्हणाली. "आधी तिचा प्रश्न."

भाचीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मामा, आईच्या पत्राचं उत्तर का नाही दिलंत?"

मी वहीत लिहिलं: पत्राचं उत्तर का दिलं नाही. अक्षर चांगलं आलं. नियम असा की लिहायचं आणि गप्प बसायचं; उत्तर दहा दिवसांनी. त्या क्षणी मला उमगलं की बाबांच्या नियमाची मला किती सोय झाली होती. मी सगळा जन्म प्रश्न टिपून ठेवला आणि तोंड बंद ठेवलं. तेही नियमाने, म्हणजे कोणी नाव ठेवायला नको.

पेन्सिल खाली ठेवली.

"ओळ मी गाळली," मी म्हणालो. "बाबांनी नाही. माझ्या डोळ्यांनी उडी मारली. घंटी वाचायला नव्हती, मी एकट्याने उतरवत होतो. पत्र आल्यावर मला कळलं. आणि मी कळवलं नाही, कारण... मुद्रितं तपासायचा पगार घेणारा माणूस मी. मला लाज वाटली."

"काका, हे आज सांगायचं नसतं," मिस्त्री पुटपुटला. बिचारा, नियम सांभाळत होता.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि शब्दकोशामागचं पाकीट आणायला उठलो.

*

परत आलो तेव्हा वहिनी टेबलाशी नव्हती. भाचीने पाकिटातला बाबांचा मसुदा घेतला, समासातली पेन्सिल वाचली, आणि ते पान तक्त्याशेजारी ठेवलं.

"एकदा पाहण्यात चूक होते," ती म्हणाली. "मी रोज बघते. लोक दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यावरच्या तिसऱ्या ओळीवरून पाचवीवर जातात आणि शपथेवर सांगतात, चौथी वाचली. त्याचं काही नाही, मामा. पण आई आजोबांच्या फोटोकडे पाठ करून बसायची हो. इतकी वर्षं."

मी वही मिटून ठेवली.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे काय झालं ते तिनेच मला सांगितलं. वहिनी गॅसपुढे उभी होती, चहा उतू जाऊन बर्नर विझला होता आणि तिला ते दिसलं नव्हतं.

"तुझी आई चहात साखर घेते का अजून?" मागे न वळता तिने विचारलं.

"बंद केलीय. डॉक्टरांनी."

"मी तिला खोटारडी म्हणत आले. माणसांत म्हटलंय. तू झालीस तेव्हा बघायलासुद्धा आले नाही." वहिनीने फडकं घेऊन ओटा पुसायला सुरुवात केली, पुसलेलाच पुन्हा. "भाऊजी गप्प बसले, आमचे हे छातीठोक बोलले, आणि मी दोघांवर विश्वास ठेवला. पुस्तक घरात होतं. चष्मा बदलायचा तेवढा बाकी होता."

"आई तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही."

"बोलायला हवं होतं."

"निघाली त्या दिवशी थंडी होती म्हणे. तुम्ही मागून धावत येऊन तिच्या खांद्यावर तुमचा लोकरी कोट टाकलात. आहे अजून. मी घालायचे कॉलेजात."

वहिनी आता वळली. "तो तिला दिला नव्हता," ती म्हणाली. "उसना होता. परत मागायचा राहिला." आणि हसायला लागली. हसता हसता तिने नवा चष्मा काढून पदराने पुसला. भाचीने दुसऱ्यांदा चहा टाकला.

चहा घेऊन दोघी बाहेर आल्या त्या एका बाजूच्या होऊन. वहिनीने कप माझ्यापुढे जरा आदळलाच.

"भाऊजी, पेन काढा. लाल. मी पुस्तकातून वाचते, तुम्ही लिहा. या वेळी बोट माझं."

"बाबांच्या तक्त्यावर?"

"बाबांचं काय आहे त्यात? मजकूर त्यांचा, चूक तुमची. बाबांचं तेवढं परत त्यांना देऊन टाका."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. एरवी तो आईच्या विरुद्ध माझी बाजू घेतो. त्याने मान हलवली. "काका, पडक्या भिंतीची कड आम्ही गुळगुळीत करत नाही. एकाआड एक विटा बाहेर ठेवतो, दातांसारख्या, म्हणजे नवं काम त्यात अडकतं. जोड दिसतो. दिसू द्यायचा."

मी अकराव्या आणि त्यापुढच्या ओळीच्या मधे खूण केली, सुटलेल्या मजकुराची करतात ती, आणि समासात रेघ नेली. वहिनी एकेक शब्द सावकाश वाचत होती, शब्द झाला की थांबून माझ्या हाताकडे पाहत होती. पुस्तकात 'शेजारी' होतं, बाबांच्या मसुद्यात 'हाताशी'. मी मसुद्यातलं घेतलं. अक्षर वाचण्याजोगं आलं. खाली लिहिलं: 'ओळ सुटली होती. चूक उतरवणाऱ्याची.' आणि तारीख.

"तुमचा प्रश्न राहिला, मामी," भाची म्हणाली.

वहिनीचा प्रश्न दर बैठकीला एकच असतो, प्रवचन किती वेळ चालणार. मी तो आधीच लिहून ठेवला होता.

"नेहमीचाच," ती म्हणाली. "पण या वेळी लांबलं तरी चालेल."

*

शुक्रवारी सकाळी मी पत्र लिहायला बसलो. भाची दुपारच्या गाडीने परत जाणार होती.

"माझ्याकडे द्या ना," ती म्हणाली. "नाहीतर फोन लावू? आत्ता घरीच असेल ती."

"फोनवर मी 'बरं आहे ना'च्या पुढे जात नाही," मी म्हणालो. "पत्र पोस्टाने आलं होतं. उत्तरही तसंच जाऊ दे. तू हातात दिलंस तर तिला तुझ्यासमोर वाचावं लागेल. एकटीने वाचू दे."

तिने जरा विचार केला आणि मान्य केलं.

पहिला मसुदा पाच पानांचा झाला. त्यात माझ्याबद्दल फार होतं. दुसरा दोन पानांचा. त्यात बाबांबद्दल फार होतं. तिसऱ्यांदा मी स्वतःला तिच्या चार ओळींची मर्यादा घालून घेतली, आणि सहा ओळींत निभावलं.

'घंटी, ओळ मी गाळली. बाबांनी नाही. त्यांचं पान सोबत पाठवतोय, समासातली पेन्सिल बघ. हे तुला एकेचाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. माझी लाज तुझ्या दुःखाहून मोठी मानली, याची क्षमा माग म्हणालीस तर समोर येऊन मागेन. आता नियमाप्रमाणे माझा एकच प्रश्न. पुढच्या रविवारी प्रार्थनाघरात उतारा मोठ्याने वाचायला येशील का? उत्तराची घाई नाही.'

बाबांचं मूळ पान पाठवायचं तर घरी एक नक्कल हवी. ती उतरवताना भाचीने मला वाचून दाखवलं. मी लिहीत होतो आणि ती वाचत होती, 'त्याच्या हाताशी... त्याच्या हाताशी...', आणि प्रवचनात काय बोलायचं ते मला कुठल्याही शब्दकोशाशिवाय सापडत गेलं. भिंत कोणी एकट्याने बांधल्याचं त्या यादीत म्हटलेलं नाही. ज्याच्या हाताशी कोणी नव्हतं त्याची ओळ कशी चुकते, तेवढं मी सांगणार होतो. त्यातलं मला खरंच काही माहीत होतं. बाबांचा प्रश्न तसाच पुढे ठेवणार होतो, किती मुली, नावं का नाहीत. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही हेही.

वहिनीने पाकिटात डोकावून एक घडी केलेली चिठ्ठी आत टाकली. "वाचायची नाही," तिने बजावलं. मी वाचली नाही. पण घडी घालताना ती स्वतःशीच म्हणाली, "कोट आणायला सांगितलंय."

बारा वाजायला आले होते. मिस्त्री भाचीला सोडायला गाडी काढत होता. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत मी त्यांच्या गाडीतूनच गेलो, दोनशे पावलांसाठी. पेटीवर पुढच्या उचलीची वेळ लिहिली होती, साडेबारा. मी पाकीट हातात घेऊन उभा राहिलो. तिकिटं पुन्हा मोजली. पत्ता पुन्हा वाचला, एकदा सुलट, एकदा शेवटापासून मागे, छापखान्यात वाचायचो तसा.

"काय राहिलं, काका?" मिस्त्रीने खिडकीतून विचारलं.

"एक ओळ," मी म्हणालो.

दोघं दचकले. मी पाकिटाची बाजू उघडली. अजून नीट चिकटली नव्हती. पत्र गाडीच्या टपावर ठेवलं, शेवटचं वाक्य खोडलं, आणि त्याच्यावर लिहिलं: 'घाई आहे. तिकीट मिस्त्री काढेल.'

"मी काढेन?" मिस्त्री म्हणाला.

"तू काढशील," भाची म्हणाली, आणि डिंकाची बाटली मागायला समोरच्या दुकानात पळाली.

पाकीट चिकटवलं, अंगठ्याने दाबलं, वाळेपर्यंत धरलं. मग पेटीच्या तोंडातून आत सोडलं. ते तळाला इतर पत्रांवर पडल्याचा आवाज आला, आणि तरी मी एकदा बोटं आत घालून अडकलं नाही ना ते पाहिलं. अडकलं नव्हतं.